सोमाली वंशावळी व त्यांचे अरबी मूळपुरुष : लुइसकृत मीमांसेचें परीक्षण

आफ्रिकेच्या ईशान्य टोंकास राहणारे सोमाली लोक आपणांस अरबांचे वंशज म्हणवितात. परंतु त्यांची भाषा अरबी नव्हे. ती कुशी कुलांतील असून ओरोमो व अफार ह्या शेजारच्या भाषांची सगोत्र आहे. वंश एकीकडे बोट दाखवितो व भाषा दुसरीकडे, ह्या विसंगतीचा उलगडा कसा करावा, हा प्रश्न सोमाली इतिहासाच्या मुळाशीं आहे. आय. एम्. लुइस यांचा ‘अ पास्टोरल डेमॉक्रसी’ हा ग्रंथ (१९६१) व ‘द सोमाली काँक्वेस्ट ऑफ द हॉर्न ऑफ आफ्रिका’ हा निबंध (१९६०) ह्या विषयावर दीर्घकाळ प्रमाणभूत मानले गेले. त्यांत वंशावळींचा उपयोग ज्या रीतीनें केला आहे, तिचेंच परीक्षण करण्याचा आमचा हेतु आहे. वंशावळी, निसबतनामे व साधुचरित्रें गोळा करणाऱ्या मंडळींस हा विषय परका वाटूं नये. कारण येथें उद्भवणारी अडचण आपल्याकडील घराण्यांच्या वंशावळी हाताळतांना पदोपदीं उद्भवते.

प्रथम गुणांचा निर्देश करणें योग्य. लुइस यांनीं उत्तर सोमाली प्रदेशांत पशुपालक लोकांमध्यें राहून साधनें जमविलीं. मुलास आपल्या पूर्वजांचीं नांवें मुखोद्गत असतात, आणि मनुष्य कोण, कोठला, त्याच्या खुनाबद्दल दंड कोणीं द्यावयाचा व कोणीं घ्यावयाचा, हें सर्व त्या नांवांवरून ठरतें, हें त्यांनीं उत्तम दाखविलें आहे. ह्या दंडास सोमालींत ‘मग’ व अरबींत ‘दिया’ म्हणतात, आणि त्याचे करार ‘हेर’ नांवाच्या रूढिधर्मानें बांधलेले असतात. संख्येनें बलिष्ठ कुळास ‘लानधेर’ म्हणजे लांब शाखा व दुर्बळ कुळास ‘लानगाब’ म्हणजे आंखूड शाखा म्हणतात, ही त्यांची नोंद तर फार मोलाची आहे. ज्या कुळाचा विस्तार मोठा, त्याच्या वंशावळींत पिढ्याहि अधिक. अशी वंशावळ केवळ भूतकाळाची टिपणी नसून वर्तमान बलाबलाचा आरसा आहे, हें ह्या एका शब्दयुग्मानें सिद्ध होतें.

आतां दोष. खालच्या पिढ्यांस जी कसोटी लुइस लावतात, ती वरच्या टोंकास लावतांना त्यांचा हात आंखडतो. दारोद हा शेख अकराव्या शतकाच्या सुमारास अरबस्तानांतून आला व शेख इसहाक त्यामागून सुमारें दोन शतकांनीं आला, ही परंपरा १९६० च्या निबंधांत स्थूलमानानें कालगणनेचा आधार म्हणून स्वीकारिली आहे, आणि तीवरून एडनच्या आखाताच्या किनाऱ्यापासून दक्षिणेकडे झालेल्या सोमाली विस्ताराची मांडणी केली आहे. अरबी वंशाचा दावा हा इस्लामावरील निष्ठेचा उद्गार आहे, हें लुइस जाणतात व लिहितातहि. मग ज्या विधानास ते निष्ठेचा उद्गार म्हणतात, त्यावरच शतकांचा हिशेब कसा बसवितात? आमच्या मतें ही असंगति गौण नाहीं.

परंपरेचीच साक्ष घेऊन पाहूं. दारोदानें दिर कुळांतील कन्या वरिली, असें त्याचे वंशज सांगतात. म्हणजे परक्या शेखाच्या आगमनापूर्वीं तेथें कुळें होतीं, हें त्या कथेलाच मान्य आहे. इसहाकाच्या वंशांतील मोठे विभाग तर मातांच्या नांवानें ओळखले जातात. ‘हबर’ म्हणजे वृद्ध स्त्री वा माता हा शब्द हबर अवल, हबर जेलो इत्यादि कुळनामांत आजहि आहे. पिता अरबी आणि माता स्थानिक, हा ह्या कथांचा सांचा. पित्याच्या नांवानें धर्म व प्रतिष्ठा आली, मातेच्या नांवानें भूमि व आप्तवर्ग टिकला, असा त्याचा अर्थ आम्हीं लावतों. मैध येथील इसहाकाची कबर व हैलान येथील दारोदाची कबर हीं यात्रेचीं स्थानें आहेत. तीं श्रद्धेचें प्रमाण होत, जन्मस्थानाचें नव्हत.

दुसरी साक्ष एका उपनामाची. दारोदाचा पिता इस्माईल जबर्ती होता, असें परंपरा सांगते. ह्याच नांवाचे एक सूफी सत्पुरुष येमेनांतील झबीद येथें १४०३ मध्यें वारले. तेच हे मानावे, तर मेळ बसत नाहीं. कारण सोळाव्या शतकांत शिहाबुद्दीन यानें लिहिलेल्या ‘फुतूह अल्-हबश’ ह्या अरबी बखरींत, इमाम अहमद याच्या हबश देशावरील स्वाऱ्यांत लढणाऱ्या सोमाली टोळ्यांमध्यें मरेहान व हर्ती हीं दारोद वंशांतील कुळें स्वतंत्र नांवानें वावरतांना दिसतात. शंभर-सव्वाशें वर्षांत एका पुरुषाचा एवढा विस्तार संभवत नाहीं. निराळे मानावे, तर प्रसिद्ध संताचें नांव मागाहून वर जोडलें गेलें असावें, ही शंका दृढ होते. परंतु खरी मौज पुढेंच आहे. ‘जबर्ती’ हें उपनाम अरबस्तानांतील नव्हेच. झैलाच्या मागील बाजूस असलेल्या जबर्त नांवाच्या प्रदेशावरून तें पडलें. कैरोचा विख्यात बखरकार अल्-जबर्ती (१७५३–१८२५) आपले पूर्वज तेथूनच आल्याचें सांगतो, आणि अल्-अझहर येथें त्या लोकांच्या विद्यार्थ्यांसाठीं स्वतंत्र ओवरी होती. म्हणजे ज्या नांवानें अरबी मूळ सिद्ध करावयाचें, तें नांवच आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे परत बोट दाखवितें.

विद्येचा ओघ एकेरी नव्हता, याचें आणखी एक उदाहरण. झैलावरून ‘झैलई’ म्हणविणारे हनफी पंडित जमालुद्दीन (मृत्यु १३६१) यांचा ‘नस्ब अर्-राया’ हा ग्रंथ सुरतेजवळील डाभेलच्या विद्वत्संस्थेनें १९३८ मध्यें कैरो येथें छापवून प्रसिद्ध केला. आफ्रिकेच्या बंदराचें नांव वागविणाऱ्या ग्रंथकाराची कृति कैरोंतून हिंदुस्थानांत अशी पोंचली.

तिसरी साक्ष प्रत्यक्षदर्शी प्रवाशाची. इब्न बतूता १३३१ च्या सुमारास मोगादिशूस गेला. तेथील सुलतान मूळचा बर्बर, म्हणजे त्या किनाऱ्यावरील देशी लोकांपैकीं, असून तेथील भाषा बोलतो व अरबीहि जाणतो, असें तो लिहितो. त्याच नगरांतील जामा मशिदीवर १२३८ चा व फख्रुद्दीन मशिदीवर १२६९ चा अरबी लेख आहे. लेख अरबी, राजा देशी, काझी व विद्वान् यांस मान: हें चित्र त्या काळच्या साक्षीचें आहे. उलट हिम्यारी अरबांनीं किनारा वसविल्याची कथा सांगणारें ‘किताब अल्-झुनूज’, जें चेरुल्ली यांनीं १९५७ मध्यें प्रसिद्ध केलें, तें बऱ्याच उत्तरकालीन प्रतींवरून आपणांस ज्ञात आहे. दोहोंचें वजन सारखें धरतां येत नाहीं.

भाषेच्या अंगानें ह्या मांडणीस मोठा धक्का दिला, तो हर्बर्ट लुइस यांच्या १९६६ च्या निबंधानें. सोमालीच्या निकटच्या भाषा दक्षिण इथिओपिया व उत्तर केन्या ह्या बाजूस दाट आहेत. तेव्हां ह्या लोकांचें मूळ तिकडे शोधावें व त्यांचा प्रसार उत्तरेकडे झाला असें मानावें, हा त्यांचा निष्कर्ष. आम्हांस तो अधिक सबळ वाटतो. इस्लामपूर्व देवतेचें ‘वाक’ हें नाम ओरोमो लोकांत आहे, आणि सोमालींत आबुदवाक ह्या गांवाच्या नांवांत तें उरलें आहे. त्यांत भक्तिवाचक पूर्वपद अरबी व देवनाम कुशी. एका ग्रामनामांत दोन थर असे सांधलेले आहेत.

परंतु येथें उलट दिशेचा अतिरेकहि टाळला पाहिजे. अरबी वंश कल्पित ठरला, म्हणून इस्लाम हा वरवरचा मुलामा होता, असें म्हणणारे कांहीं आधुनिक लेखक आढळतात. तें साधार नाहीं. कुराणाच्या पाठशाळेंतील मुलांस अरबी स्वरचिन्हें शिकवितां यावीं, म्हणून शेख यूसुफ अल्-कौनैन यांनीं त्यांस ‘वर’, ‘खालीं’ अशा अर्थाचीं सोमाली नांवें दिलीं. ब्रावाचे शेख उवैस (१८४७–१९०९) यांनीं अरबींत व सोमालींत स्तोत्रें रचिलीं. त्यांचा पंथ कादिरी. सय्यद महंमद अब्दुल्ला हसन हे सालिही. सय्यदांच्या अनुयायांनीं १९०९ मध्यें शेखांचा वध केला. दोघेहि मुसलमान, दोघेहि सोमाली. भांडण अरब व सोमाली असें नव्हतें. सय्यद पत्रें अरबींत लिहीत आणि लोकांचीं मनें मात्र सोमाली काव्यानें जिंकीत. १९७२ मध्यें रोमन लिपि राजमान्य झाली आणि १९७४ मध्यें हेंच राष्ट्र अरब संघाचें सभासद झालें. ह्यांत विरोध पाहण्यापेक्षां, प्रतिष्ठेची भाषा व घरची भाषा शेजारीं ठेवण्याची जुनी रीत पाहणें आम्हांस अधिक योग्य वाटतें.

ही चर्चा केवळ पांडित्याची नाहीं. जिबूतींतील आर्ता येथें २००० मध्यें झालेल्या परिषदेंत प्रतिनिधित्वाची वांटणी ‘साडेचार’ ह्या सूत्रानें झाली: चार मोठ्या कुळसमूहांस एकेक पूर्ण वांटा आणि उरलेल्या सर्वांस मिळून अर्धा. ज्यांची वंशावळ आंखूड वा अमान्य, त्यांच्या वांट्यास तो अर्धा. बांटू शेतकरी, लोहारकाम व चर्मकाम करणारे तुमाल, मिदगान व यिबिर ह्यांत येतात. वंशावळीच्या टोंकास एखादा शेख खरा ठरविणें हें तेथें निरुपद्रवी विधान नव्हे. त्यानें कोणाचें आसन उंचावतें व कोणाचें खालावतें. ज्या संशोधकानें ‘लांब शाखा’ ह्या शब्दाचें मर्म स्वतः उलगडलें, त्यानें तरी हें विसरावयास नको होतें.

तरीहि ‘अ पास्टोरल डेमॉक्रसी’ संग्रहीं ठेवण्याजोगा आहे. त्यांतील समाजवर्णन टिकेल, १९६० ची कालगणना टिकणार नाहीं. हस्तलिखितें जमविणारांस आमची सूचना एवढीच कीं, अशी वंशावळ हातीं आल्यास ती खरी कीं खोटी हा प्रश्न प्रथम विचारूं नये. ती कोणीं, केव्हां, कोणत्या तंट्याच्या वेळीं उतरून घेतली, कागद व हस्ताक्षर कोणत्या काळचें, वरचीं नांवें खालच्याच शाईनें लिहिलीं आहेत काय, हें आधीं टिपावें. आणि तिजसोबत मिळालेले करारपत्र, दानपत्र वा स्तोत्र तीपासून वेगळें करूं नये. १९९१ नंतरच्या यादवींत त्या देशांतील सरकारी दप्तरें उध्वस्त झालीं. त्यामुळें खाजगी पेट्यांत राहिलेला प्रत्येक कागद आतां दुहेरी मोलाचा आहे, आणि तो वाचतांना केलेली घाई दुहेरी हानिकारक.