यातनेचे गुरुपद : 'अवतार'मधील झुकोची जडणघडण

टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही, ही म्हण मराठी वाचकाच्या नायकविषयक अपेक्षांमध्ये खोलवर रुजलेली आहे. नायकाच्या वाट्याला वनवास यावा, त्याने तो सोसावा आणि सोसण्यातूनच मोठे व्हावे, हे कथासूत्र अ‍ॅनिमेशन मालिकांच्या चर्चेतही फारसे न तपासता वापरले जाते. मायकेल दान्ते डिमार्टिनो व ब्रायन कोनिएत्झ्को यांच्या 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' (२००५-२००८) या ६१ भागांच्या अमेरिकी मालिकेतील झुको हा निर्वासित युवराज तर या सूत्राचे आदर्श उदाहरण मानला जातो. संहितेची साक्ष मात्र वेगळी आहे.

अग्निराष्ट्राच्या युद्धसभेत नवशिक्या सैनिकांची तुकडी जाणूनबुजून बळी देण्याची योजना मांडली जाते आणि तेरा वर्षांचा झुको तिला विरोध करतो. या 'उद्धटपणा'बद्दल त्याला द्वंद्वाला उभे राहावे लागते. समोर येतो तो सेनापती नव्हे, प्रत्यक्ष पिता ओझाई. झुको गुडघे टेकून क्षमा मागतो, लढण्यास नकार देतो. पिता त्याचा चेहरा जाळतो आणि त्याला हद्दपार करतो. जाळण्यापूर्वी ओझाई सांगतो की, आदर म्हणजे काय हे त्याला शिकावेच लागेल आणि यातना हीच त्याची गुरू होईल. यातनेला गुरुपद देणारे हे वाक्य मालिकेने यातना देणाऱ्याच्या तोंडी घातले आहे. टाकीच्या म्हणीतही घाव घालणारा हात अनुल्लेखितच राहतो, याची येथे आठवण व्हावी.

पुढे हे वाक्य झुको स्वतःच उच्चारू लागतो. पहिल्या पर्वाच्या अखेरीस, बर्फातल्या गुहेत बेशुद्ध आंगसमोर, तो आपल्या संघर्षाचे गोडवे गातो : बहीण नशीब घेऊन जन्मली, आपल्याला मात्र सतत झगडावे लागले आणि त्यामुळेच आपण बळकट झालो. हे प्रगल्भतेचे लक्षण समजणे चुकीचे ठरेल. पित्याचे तत्त्वज्ञान पुत्राने आत्मसात केल्याचा तो पुरावा आहे. दुसऱ्या पर्वात सॉन्ग नावाची मुलगी त्याला आणि काका आयरोला घरी जेवू घालते, अग्निसैनिकांनी भाजलेला आपला पाय दाखवते. समदुःखाची याहून थेट भेट कोणती असणार? त्याच रात्री झुको तिच्या घरचे स्वारीचे जनावर चोरतो, आणि ती दारातून हे मुकाट्याने पाहते. भूक, भटकंती, अपमान यांनी त्याला कठोर केले आहे. सहृदय केलेले नाही.

ग्रीक रोमान्समध्ये संकटांची छाप नायकावर उमटत नाही, ती त्याचे मूळचे रूप केवळ शाबीत करतात, असे बाख्तिनने दाखवून दिले आहे. मालिकेचा नाममात्र नायक आंग बराचसा या जातीचा आहे. सारी जमात नष्ट झाली तरी ओझाईला ठार न मारण्याचा त्याचा निर्णय हा बालपणीच्या संस्कारांचाच विजय ठरतो. (त्यासाठी ऐनवेळी सिंहकासवाकडून लाभलेली विद्या ही कथानकाची उघड सोय आहे.) घडत जाणारा नायक झुकोच आहे, पण तो घडतो कोठे?

तो घडतो राजवाड्यात. बा सिंग से येथे आयरोचा विश्वासघात करून तो बहिणीला साथ देतो आणि हरवलेले सारे परत मिळवतो. तिसऱ्या पर्वात पुन्हा युद्धसभा भरते. पहिल्या सभेत बोलल्याबद्दल ज्याचा चेहरा जळाला, तो आता पित्याच्या उजव्या हाताला बसलेला आहे. बाहेर आल्यावर तो कबूल करतो की, पित्याला हवा तसा राजपुत्र आपण झालो होतो, पण त्यात आपण स्वतः नव्हतो. हद्दपारीच्या वर्षांना जे साधले नाही, ते इच्छापूर्तीच्या काही दिवसांनी साधले. सूर्यग्रहणाच्या दिवशी तो ओझाईसमोर उभा राहतो आणि मुलाशी केलेल्या त्या द्वंद्वाचे समर्थन विचारतो. आदर शिकवण्यासाठी ते केले, असे उत्तर येते. झुको त्याला क्रौर्य म्हणतो, अन्याय म्हणतो. यातनेचे गुरुपद नाकारले जाते ते येथे.

दलित आत्मकथनांचा 'जिद्दीच्या कथा' म्हणून गौरव करणारे वाचनही असेच आरोपपत्राचे प्रशस्तिपत्र करून टाकते. लेखक कसा घडला याचे कौतुक होते. घाव कोणी घातले हा प्रश्न मागे पडतो.

मालिका सर्वत्र इतकी सावध नाही. लाडकी अझुला अखेरीस उन्मादात कोसळते आणि छळलेला झुको उभा राहतो, तेव्हा जुनी म्हण मागील दाराने परत येते. आयरोला पुत्रशोकाने बदलले, असेही सूचित होते. पण त्या बदलाची प्रक्रिया मालिका दाखवतच नाही. याउलट, राग ओसरताच झुकोची अग्निविद्या क्षीण होते, हे तिने प्रामाणिकपणे नोंदवले आहे. यातनेने दिलेले बळ हे संतापाचे बळ होते आणि ते सोडताना त्याला दुसरा स्रोत शोधावा लागतो. तो ड्रॅगनांकडे सापडतो, जे त्याला भाजत नाहीत. आणि आयरोच्या तंबूत क्षमायाचनेचे शब्द पुरे होण्याआधीच काका त्याला जवळ ओढून मिठी मारतो.