‘आकाशचिन्ह’ : एका संज्ञेची चिकित्सा

‘आकाशचिन्ह’ म्हणताच धूमकेतू आठवावा. कासारवाडीत मात्र तो जाहिरात-फलकाचा वाचक आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातील (कलम २४४) ही संज्ञा लंडनच्या १८९१ च्या कायद्यापासून चालत आलेल्या इंग्रजी शब्दाचे शब्दशः भाषांतर होय. रस्त्यावरील एखाद्या बिंदूवरून फलक आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसावा, हे तिचे लक्षण. नाशिक फाट्याच्या पुलाखालून ते जुळेल. पुलावरून पाहता त्याच फलकामागे छपरेच दिसतील! व्हरमाँटने १९६८ मध्ये, साओ पावलोने २००६ मध्ये जाहिरात-फलकांना बंदीच केली. तेथे प्रश्न दृश्याचा होता. किवळे येथे १७ एप्रिल २०२३ रोजी फलक कोसळून पाच जण दगावले. व्याख्येत खांब, सांगाडा येतात खरे, परंतु केवळ आधार म्हणून. त्यांच्या भक्कमपणाविषयी संज्ञा मूक आहे. त्यामानाने ‘होर्डिंग’ या रूढ शब्दाचा मूळ अर्थ, बांधकामाभोवतीचे फळ्यांचे कुंपण, निदान जमिनीला धरून आहे.