'माया मच्छिंद्र'मधील अद्भुत

अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय होय, असे भरतमुनींनी सांगितले आहे. परंतु तो विस्मय अनुभवणारे कोणी कथेतही असावे लागते, याचा आपल्या पौराणिक चित्रपटांना वारंवार विसर पडलेला दिसतो. व्ही. शांताराम यांनी 'प्रभात'साठी दिग्दर्शित केलेला 'माया मच्छिंद्र' (१९३२) या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे. मणिशंकर त्रिवेदी यांच्या 'सिद्धसंसार' या नाटकावर तो आधारलेला असला, तरी मराठी श्रोत्यांना ही कथा पोथीतून परिचित होती. मेहकर तालुक्यातील डोणगाव घ्या किंवा सातारा जिल्ह्यातील एखादे खेडे घ्या, 'नवनाथ भक्तिसार' ऐकलेल्या माणसाला स्त्रीराज्य म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

पोथीत चमत्कारांची वानवा नाही. तथापि मृदंगातून शिष्याची हाक उमटते तेव्हा श्रोता दचकतो, तो वाद्य बोलले म्हणून नव्हे; गुरू सापडला म्हणून. परतीच्या वाटेवर मच्छिंद्र झोळीत सोन्याची वीट बाळगतो आणि पुढे चोरांचे भय आहे काय, असे पुन्हा पुन्हा विचारतो. गोरक्ष ती वीट फेकून देतो व पुढे डोंगरच सोन्याचा करून दाखवितो. तो सुवर्णगिरी भव्य खराच. पण त्याचे सारे बळ त्या भित्र्या प्रश्नातून आलेले आहे.

चित्रपटातील स्त्रीराज्याचे वैभव, दुर्गाबाई खोटे यांची करारी राणी, तिच्याजवळचा चित्ता, छायाचित्रणातील युक्त्या हे सर्व त्या काळाच्या मानाने कौतुकास्पद आहे. परंतु हे गुरूने शिष्याच्या बोधासाठी रचलेले मायाजाल होते, असा अखेरीस उलगडा होतो. कथेचा घात होतो तो येथे. गोविंदराव टेंबे यांचा मच्छिंद्र पतित झालाच नाही, असे ठरले की मास्टर विनायकांच्या गोरक्षाची तळमळही निराधार होते. नुसत्या हौसेने देखावा वाढला असता, तर त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे तो गुरूची अब्रू राखण्यासाठी कामी लावला गेला आहे. पोथीला त्या अब्रूची एवढी धास्ती नव्हती.

देखावा मुळातच वर्ज्य आहे, असे नव्हे. 'संत तुकाराम' (१९३६) मधील विमान आजच्या डोळ्यांना लुटुपुटीचे भासते. तरीही ते खपून जाते, कारण दामले-फत्तेलाल यांनी जिजाईला संसारातून उठू दिलेले नाही. वैकुंठाचे बोलावणे आले, तरी तिचे मन चुलीपाशी आणि पोरांपाशी. आणि विमान वर जाते, ते तिच्या नवऱ्याला घेऊन.