'आम्ही'कडून 'मी'कडे : मनोव्यथेचे कथन आणि कलंक

मानसिक आजाराभोवतीचा कलंक पुसावयाचा असेल तर ज्यांनी तो आजार भोगला त्यांनीच आपला अनुभव चारचौघांत सांगितला पाहिजे, ही भूमिका आज सर्वमान्य होऊ पाहत आहे. तिला संशोधनाचा आधारही आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2022 मध्ये असा निष्कर्ष काढला की, आजार अनुभवलेल्या माणसाशी येणारा संपर्क हा कलंक कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग होय. मात्र या भूमिकेत एक गृहीतक दडलेले आहे. अनुभव आत तयार असतो, तो उच्चारण्याचे धैर्य तेवढे हवे असते, असे ते गृहीतक. साहित्याच्या अभ्यासकाला ते जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. अनुभव सांगण्यासाठी आधी सांगणाऱ्याचे स्थान सिद्ध व्हावे लागते आणि भाषेत ते सर्वनामाने ठरते. व्यथा 'तिची' म्हणून सांगितली जाते, 'आमची' म्हणून की 'माझी' म्हणून, यावर कलंकाचे पुढे काय होणार हे बरेचसे अवलंबून असते. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील काही कथनांच्या आधारे हे तपासता येते.

या भागात मनोव्यथेला सार्वजनिक उच्चार नव्हता असे मानणे चुकीचे ठरेल. वाई तालुक्यातील मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत तो उच्चार वर्षानुवर्षे होत आला आहे. 25 जानेवारी 2005 रोजी याच यात्रेत झालेल्या चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा नागर महाराष्ट्राचे लक्ष या डोंगराकडे गेले. तथापि चर्चा अंधश्रद्धा व प्रशासन या दोन मुद्द्यांभोवतीच फिरली. अंगात येणाऱ्या बाईचे बोलणे हे एक कथन आहे, याचा विचार फारसा झाला नाही. ती घुमते, रडते, सासरच्यांना जाब विचारते, मागण्या करते. तिच्या तोंडी 'मी' हे सर्वनामही असते. परंतु तो 'मी' देवीचा असतो. वारे ओसरल्यावर घडल्या प्रकाराचा उल्लेख ती स्वतःही तृतीय पुरुषातच करते. या रचनेमुळे तिला दोष लागत नाही, हा तिचा मोठा लाभ. मात्र जे बोलले गेले ते तिच्या नावावर जमाही होत नाही. कलंक टळतो, पण व्यथेला धनी मिळत नाही.

अंगात येण्याच्या या प्रकाराकडे आतून आणि तरीही चिकित्सकपणे पाहणारी साहित्यकृती सातारा जिल्ह्यातच निर्माण झाली, ही विशेष अर्थपूर्ण गोष्ट आहे. फलटणच्या बेबी कांबळे (1929–2012) यांचे 'जिणं आमुचं' हे आत्मकथन 1982 मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले आणि 1986 मध्ये पुस्तकरूपाने आले. महारवाड्यातील आषाढ, पोतराज सोडण्याची चाल, बायकांच्या अंगात येणे, कोवळ्या सुनांचा सासुरवास, पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात अडकवला जाणारा लाकडी खोडा, हे सारे लेखिका ज्या तपशिलाने नोंदवते त्यात ममत्व आहे, तसेच आंबेडकरी विवेकाचा परखडपणाही आहे. अंगात येण्यामागची उपासमार, अज्ञान आणि कोंडमारा ती वाचकासमोर ठेवते. जे देवीच्या नावे बोलले जात होते त्याचे खरे धनी कोण, हे येथे प्रथमच सांगितले जाते. हे धनीपण 'आम्ही' या सर्वनामाला मिळते. पुस्तकाच्या शीर्षकातच ते कोरलेले आहे.

या 'आम्ही'चे सामर्थ्य वादातीत आहे. अस्पृश्यतेचा कलंक समूहावर लादलेला होता. त्याचे निराकरणही समूहवाचक उच्चारानेच संभवत होते. जे लाजिरवाणे म्हणून शिकवले गेले ते लादणाऱ्याची लाज म्हणून परत करणे, हे दलित आत्मकथनांनी साधलेले मूल्यांतर मराठी साहित्यातील एक मोठी घटना होय. परंतु या सामर्थ्याची एक किंमत होती आणि ती 'जिणं आमुचं'च्या संहितेबाहेर सापडते. माया पंडित यांनी केलेला या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला जोडलेल्या मुलाखतीत बेबीताईंनी पतीच्या संशयी स्वभावाविषयी आणि मारहाणीविषयी सांगितले आहे. आपले लेखन त्यांनी सुमारे वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. मारहाणीचे हे अनुभव पुस्तकात का आले नाहीत, तर ते दुःख घरोघरीचे होते, त्यात आपले म्हणून वेगळे सांगण्यासारखे काही नव्हते, अशा आशयाचे त्यांचे उत्तर आहे. सर्वांचे दुःख सांगण्यासाठी 'आम्ही' पुरेसा ठरला. स्वतःचे दुःख मात्र, ते सर्वांचेही आहे या कारणास्तव, 'मी' म्हणून उच्चारण्यायोग्य ठरले नाही.

ही उणीव लेखिकेची म्हणता येणार नाही. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने कलंकावरील आपल्या 1963 च्या ग्रंथात एक उपयुक्त भेद केला आहे. काहींचा कलंक समोरच्याला आधीच ठाऊक असतो. काहींचा झाकता येण्याजोगा असतो आणि त्यांचे आयुष्य तो झाकण्याच्या व्यवस्थेत खर्च होते. जातीचा कलंक गावात प्रत्येकाला ठाऊक होता. तो सांगितल्याने नवे काही उघड होत नव्हते, उलट सांगणाऱ्याचा ताठ कणा तेवढा दिसत होता. मनोव्यथेचे तसे नाही. ती झाकता येते म्हणूनच ती सांगणे म्हणजे नवा कलंक आपण होऊन अंगावर घेणे ठरते. म्हणून दलित आत्मकथनांच्या यशाचा दाखला देऊन मनोरुग्णांनाही 'बोला' असे सांगणे हे तर्काला धरून नाही.

या दोहोंच्या मधला एक मार्ग सांगलीत आढळतो. 1992 मध्ये तेथे काम सुरू केलेल्या 'संग्राम' या संस्थेच्या प्रयत्नांतून 1996 मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांची संघटना उभी राहिली. सुषमा देशपांडे आणि दिव्या भाटिया यांच्या दिग्दर्शनाखाली या स्त्रियांनी व त्यांच्या मुलांनी 'माय मदर, द घरवाली, हर मालक, हिज वाइफ' हे नाटक रंगमंचावर आणले. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' सादर केले ते याच सांगलीत. ज्या शहराने नाट्यपंढरी हे बिरुद मिरवले, त्याच्या कडेला ठेवलेल्या वस्तीने रंगमंचावर पाऊल ठेवावे याला म्हणूनच प्रतीकात्मक अर्थ येतो. कलंकाची जात येथे वेगळी आहे, हे खरे. तरीही कथनाच्या दृष्टीने प्रयोगाचा विशेष असा की, रंगमंचावरील 'मी' नटीचाही आहे आणि पात्राचाही. सांगितलेला प्रसंग सांगणारीच्या आयुष्यातील आहे की शेजारणीच्या, हे प्रेक्षकाला निश्चित करता येत नाही. स्वतःचे सांगण्याचा दाह राहतो. पण एकटीला उघडे पाडणारी नजर रोखली जाते.

असाच आडोसा व्यसनमुक्तीच्या बैठकीतही असतो. 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'च्या प्रथेनुसार सदस्य आपले पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी असल्याचे कबूल करतो आणि आपली कहाणी सांगतो. येथे 'मी' आहे, पण आडनाव नाही. श्रोते आहेत, पण त्यांतील प्रत्येकाची पाळी येणार आहे. सातारा येथे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभारलेली 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्तीपासून मानसिक आरोग्याच्या व्यापक कामाकडे गेली, हा प्रवासही सूचक आहे. दारू सुटल्याची कहाणी सांगणारा पुरुष समाजाला स्वीकारता येतो, कारण त्या कहाणीला शेवट असतो. स्किझोफ्रेनियासारख्या आजाराच्या कहाणीला तसा शेवट बहुधा नसतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (2004) हा चित्रपट हे शेवट नसलेपण स्वीकारतो. मात्र तेथेही आजारी भावाचा सांभाळ करणाऱ्या बहिणीच्या नजरेचा आधार प्रेक्षकाला लागतोच. नात्यातल्या माणसाने 'त्याच्या'विषयी सांगणे ही मोठी पायरी आहे. 'त्याने' सांगणे ही त्यापुढची.

ती पायरी ओलांडणाऱ्यासमोर आज काय वाढून ठेवले आहे, याचा विचार केल्याशिवाय धैर्याची स्तुती करणे उचित नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा व सन्मानाने वागवले जाण्याचा हक्क दिला. दुसरीकडे 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात विशिष्ट तीव्रतेचा मानसिक आजार हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायम आहे. याच कायद्याच्या विवाहविषयक अटींतून 1999 मध्ये अपस्मार वगळला गेला. 2019 मध्ये घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग वगळला गेला. मनाचा आजार दोन्हीकडे राहिला. म्हणजे फलटणच्या किंवा मिरजेच्या एखाद्या विवाहितेने व्यासपीठावर सांगितलेली आपली कहाणी उद्या तिच्याच विरुद्ध पुढे केली जाण्याची भीती निराधार नाही. महानगरातील प्रसिद्ध नटीचा 'मी' आणि या स्त्रीचा 'मी' व्याकरणात एकच असला तरी दोघींना मोजावी लागणारी किंमत एक नाही.

म्हणून समीक्षेने येथे दोन कामे करावयास हवीत. मराठी आत्मकथनांतील 'आम्ही'मागे राहून गेलेल्या 'मी'च्या खुणा तिने वाचल्या पाहिजेत; बेबीताईंचे पुस्तक आणि त्यांची मुलाखत एकत्र वाचल्याखेरीज त्या दिसत नाहीत. आणि नव्याने लिहिल्या जाणाऱ्या आजाराच्या कहाण्यांना केवळ 'धाडसी' म्हणून सोडून न देता, त्यांतील निवेदक कोणाचा आडोसा घेतो, कोणाला उद्देशून बोलतो आणि काय झाकून ठेवतो, हे विचारले पाहिजे. झाकून ठेवण्याचा अधिकार हाही सांगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे. मांढरदेवच्या डोंगरावर देवीच्या तोंडून बोलणाऱ्या बाईला वारे ओसरल्यावर स्वतःच्या नावाने बोलता यावे आणि बोलून घरी परतता यावे, एवढी जागा ऐकणाऱ्यांनी निर्माण केली, तरच तिच्याकडून त्या 'मी'ची अपेक्षा करणे न्याय्य ठरेल.