ठिपक्यांत न मावणारी लोकसंस्कृती

घरबांधणी, पोशाख, आहार, सणवार यांची ठरावीक प्रश्नावलीनुसार गावोगाव नोंद करून ती चिन्हांच्या रूपाने नकाशावर मांडण्याची पद्धत विसाव्या शतकात युरोपीय लोकसंस्कृती-अभ्यासात चांगलीच रुजली. स्लोव्हाकियाचा असा नकाशासंग्रह १९९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे हंगेरी, रुमानिया व युगोस्लाव्हियातील स्लोव्हाकांसाठीही स्वतंत्र संग्रह निघाले. विखुरलेल्या, संख्येने घटत चाललेल्या समाजांची इतकी चिकाटीची नोंद क्वचितच झाली असेल. तरीही ज्या साधनाने ती झाली त्याच्या मर्यादा आता तपासायला हव्यात.

हे साधन सलग प्रदेशासाठी घडलेले आहे. शेजारशेजारच्या गावांत एकच चिन्ह आढळले की त्या प्रथेच्या प्रसाराची सीमा आखता येते. परंतु परदेशी स्लोव्हाक गावे हंगेरियन, सर्ब, रुमानियन वस्तीत बेटांसारखी पसरलेली असल्यामुळे दोन ठिपक्यांमधल्या रिकाम्या जागेत नेमके काय घडले, हे नकाशा सांगत नाही. ऑटोमन सत्ता मागे हटल्यावर ओस पडलेल्या मैदानात, ज्याला स्लोव्हाक लोक ‘डोल्ना झेम’ म्हणजे खालचा मुलूख म्हणतात, डोंगराळ उत्तरेकडून शेतकरी उतरले आणि १७१८ मध्ये आजच्या हंगेरीतील बेकेशचाबा, १७४५ मध्ये आजच्या सर्बियातील पेत्रोव्हेत्स येथे त्यांनी वस्ती केली. पुढे याच मैदानी गावांतून निघालेल्या कुटुंबांनी १८०३ मध्ये आजच्या रुमानियातील नाद्लाक वसवले. म्हणजे नाद्लाकची एखादी विवाहप्रथा थेट डोंगरातून आलेली नसून हंगेरीच्या मैदानात दोन-तीन पिढ्या मुरून आलेली असू शकते, पण एका ठिपक्यात हे दोन प्रवास एकच होऊन जातात. देशवार विभागणीही तितकीच अडचणीची आहे, कारण नाद्लाकचे ल्युथरपंथीय शेतकरी आणि रुमानियातल्याच बिहोर भागाच्या डोंगरांतले, जंगलतोडीवर पोट भरणारे कॅथलिक स्लोव्हाक यांच्यात एका राज्याच्या नागरिकत्वापलीकडे समान असे फार थोडे आहे.

त्याहून गंभीर प्रश्न मूळस्थानाच्या ओढीचा आहे. मायभूमीतून आणलेले ते अस्सल, नव्या भूमीत मिळवलेले ते भेसळीचे, असा निकष उघडपणे मांडला नाही तरी प्रश्नावलीच्या रचनेत तो शिरतो. पेत्रोव्हेत्सच्या प्रसिद्ध सॉसेजमध्ये डुकराच्या मांसाला लाल तिखट, लसूण आणि शहाजिरे लावतात, व ती लाली मैदानातल्या मिरचीच्या शेतीची देणगी आहे. हा पदार्थ तिथल्या स्लोव्हाकांची ओळख झाला तो याच मिश्रणामुळे. सर्बियातील कोव्हाचित्सा या स्लोव्हाक गावाची चित्रकला तर कोणत्याही पूर्वजाने सोबत आणलेली नाही. १९३९ च्या सुमारास मार्टिन पालुश्का आणि यान सोकोल या शेतकऱ्यांनी कुंचला हाती धरला, १९५५ मध्ये गावात कलादालन उभे राहिले आणि २०२४ मध्ये युनेस्कोने या चित्रपरंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. मार्टिन योनाश याच्या चित्रांतल्या शेतकऱ्याचे हातपाय अवाढव्य आणि डोके चिमुकले असते. राबणाऱ्या देहाचे इतके थेट चित्र कोणत्याही जुन्या नक्षीत सापडत नाही. ही लोकसंस्कृती नव्हे असे म्हणणाऱ्याने लोक आणि संस्कृती हे दोन्ही शब्द फार अरुंद केले आहेत.

‘परदेशातील’ ही मर्यादादेखील पुन्हा पाहावी लागेल. १९४६ ते १९४८ या काळात चेकोस्लोव्हाकिया व हंगेरी यांच्यात झालेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत सुमारे ७३,००० स्लोव्हाक हंगेरी सोडून गेले आणि त्यांतील पुष्कळ जण दक्षिण स्लोव्हाकियात स्थायिक झाले. बेकेशच्या मैदानातली खाद्यरीत, बोली आणि पोशाख त्यांच्यासोबत तिथे पोहोचले. मागे राहिलेल्यांची नोंद परदेशी अल्पसंख्याकांच्या संग्रहात होते, तर परतलेल्यांची रीत स्लोव्हाकियाच्या नकाशावर सहज विरून जाते. एकाच समाजाच्या या दोन भागांचे नकाशे एकमेकांशेजारी ठेवून अभ्यासल्याशिवाय खालच्या मुलखाच्या संस्कृतीचा आवाका ध्यानात येणार नाही.