पाठांतर, प्रमाणभाषा आणि गुणवत्ता : एक चिकित्सा

आपल्या शिक्षणव्यवस्थेवरील टीकेत घोकंपट्टी आणि भेदभाव हे दोन दोष बहुधा स्वतंत्रपणे मांडले जातात. पहिला अध्यापनपद्धतीचा प्रश्न मानला जातो, तर दुसरा सामाजिक न्यायाचा. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, घोकंपट्टी हेच भेदभावाचे एक प्रभावी साधन आहे.

पाठांतर मुळातच त्याज्य आहे, असे येथे सुचवायचे नाही. जात्यावरची ओवी आणि वारकऱ्यांचा हरिपाठ पाठांतरानेच पिढ्यानपिढ्या टिकले. तेथे स्मरणाला अर्थाची आणि अनुभवाची जोड होती. परीक्षेतील पाठांतरात मात्र पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे उतरवण्याला महत्त्व येते. हे वाक्य प्रमाण मराठीत असते. ज्या घरात ही भाषा बोलली जाते, तेथील मूल आशय लक्षात ठेवते व वाक्य स्वतः जुळवते. वऱ्हाडी, अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या घरातील मुलाला मात्र शब्दच पाठ करावे लागतात. एकाची सवय आणि दुसऱ्याचे कष्ट एकाच मापाने मोजून त्याला आपण ‘गुणवत्ता’ म्हणतो.

यातील विसंगती बहिणाबाई चौधरी यांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रीची खानदेशी बोलीतील गाणी त्यांच्या निधनानंतर 1952 साली प्रसिद्ध झाली. ती पाठ्यपुस्तकांत आली. 2018 साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नावही मिळाले. परंतु त्याच कवितेवरील उत्तर विद्यार्थ्याने त्याच बोलीत लिहिले, तर ते अशुद्ध ठरते. बोली कवितेत गौरवास्पद आणि उत्तरपत्रिकेत दोषास्पद, हा न्याय तपासला पाहिजे.

हा प्रश्न नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात, रयतेच्या श्रमातून येणारा महसूल वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, याकडे लक्ष वेधले होते. प्राथमिक अभ्यासक्रमात शेती व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी त्यांची मागणी होती. शिक्षण शिकणाऱ्याच्या जीवनाशी जोडावे, हाच तिचा आशय होय. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टीपासून दूर जाण्याचे तत्त्व स्वीकारले. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्यतोवर मातृभाषेतून शिक्षणाची तरतूद केली. महाराष्ट्रात भाषाविषयांसाठी कृतिपत्रिकाही आल्या. तथापि, कृतिपत्रिकेची तयार उत्तरे देणारी मार्गदर्शके बाजारात मिळू लागली आणि जुनी सवय नव्या रूपात टिकून राहिली.

यावर एक आक्षेप संभवतो. ठरावीक उत्तरामुळे परीक्षकाच्या पूर्वग्रहाला वाव राहत नाही. मुक्त उत्तराला गुण देताना तो डोकावू शकतो. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु ठरावीक उत्तर पूर्वग्रह नष्ट करत नाही. तो परीक्षकाकडून प्रश्नपत्रिकेकडे सरकतो, एवढेच. आशयाला आणि भाषिक शुद्धतेला स्वतंत्र गुण देणे, विज्ञान व समाजशास्त्रांत बोलीतील अचूक उत्तर ग्राह्य मानणे आणि परीक्षकांना तसे प्रशिक्षण देणे, हा अधिक न्याय्य मार्ग होय.

प्रमाणभाषा शिकवलीच पाहिजे. ती ज्ञानव्यवहाराची गरज आहे. मात्र ती शाळेने द्यावयाची गोष्ट आहे, मुलाने घरून आणावयाची नव्हे. हा फरक मूल्यमापनात उतरत नाही, तोवर गुणपत्रिका मुलाच्या आकलनाइतकीच त्याच्या घराचीही नोंद करत राहील.