कर्ता आणि करण : खेळातलं शस्त्र कसं घडवावं



फळ्यावरचा विषय वाचून पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, ते मला दिसलं. त्यांचं बरोबर आहे. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने सत्तरी उलटल्यावर मुलांच्या खेळातल्या तलवारींवर कशाला बोलावं? तर कारण घरचंच आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नात आणि तिचे मित्र आमच्या ओटीवर चार दिवस एकच खेळ खेळत बसले होते. टीव्ही नाही, मोबाइल नाही. कागद, पेन्सिली, फासे आणि अखंड बोलणं. चौथ्या दिवशी नात म्हणाली, "आजोबा, आमच्या खेळासाठी एक शस्त्र बनवून द्या ना." मी दिलं. ते सपशेल फसलं. का फसलं याचा विचार करताना जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी खेळ काय आहे ते सांगतो, कारण इथे बऱ्याच जणांना तो ठाऊक नसणार. पाच-सहा जण एकत्र बसतात. प्रत्येक जण एक पात्र घेतो, कोणी योद्धा, कोणी वैद्य, कोणी चोर. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो: समोर दरी आहे, पूल मोडलाय, पलीकडून मशाली येताहेत. तुम्ही काय कराल? खेळाडू सांगतात, आणि यश-अपयशाचा निकाल वीस बाजूंच्या फाशाने लागतो. या प्रकारातला पहिला छापील खेळ, डंजन्स अँड ड्रॅगन्स, अमेरिकेत १९७४ साली निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते.

या पहिल्या खेळातली एक गंमत बघा. शस्त्र कुठलंही असो, घाव बसला की सहा बाजूंचा एकच फासा टाकायचा. खंजीर घ्या नाहीतर दोन हातांची तलवार, इजा तेवढीच. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, ग्रेहॉक नावाची पुरवणी आली आणि प्रत्येक शस्त्राला वेगळा फासा मिळाला. आजही खंजिराला चार बाजूंचा, लांब तलवारीला आठ बाजूंचा आणि दोन हातांच्या मोठ्या तलवारीला सहा बाजूंचे दोन फासे अशी वाटणी आहे. सरासरी काढली तर अडीच, साडेचार आणि सात. मग जादूची शस्त्रं येतात, अधिक एक, अधिक दोन, अधिक तीन. वीस बाजूंच्या फाशावर अधिक एक म्हणजे नेम लागण्याची शक्यता पाच टक्क्यांनी वाढली, अधिक तीन म्हणजे पंधरा.

मुलं स्वतः शस्त्र बनवायला बसली की तिथूनच सुरुवात करतात. माझ्या नातीच्या कंपूतला एक मुलगा म्हणाला, "माझी भवानी तलवार. अधिक पाच. वर अग्नीचे दोन फासे." मी विचारलं, "बरं. ती हातात घेतल्यावर तू वेगळं काय करशील?" तो म्हणाला, "जास्त मारीन." माझी टीका नेमकी इथे आहे. या तलवारीने त्या मुलाच्या वागण्यात काहीच बदललं नाही. काल तो समोर दिसेल त्याला मारत होता, आजही तेच करणार, फक्त बेरीज मोठी. शिवाय सूत्रधार काही मूर्ख नाही. तो राक्षसाच्या अंगात तेवढंच बळ वाढवतो. दोन्ही पारड्यांत सारखं वजन टाकलं, काटा होता तिथेच राहिला.

आता थोडं व्याकरण करू. शाळेत आपण सगळे विभक्ती घोकलो आहोत. तृतीयेचा कारकार्थ काय? करण. ज्याच्या साहाय्याने क्रिया घडते ते करण. एक वाक्य घ्या: रामाने बाणाने रावण मारला. रामाला 'ने', बाणालाही 'ने'. प्रत्यय एकच. पण राम कर्ता आहे आणि बाण करण आहे. हे प्रत्यय सांगत नाही, ते आपल्याला ओळखावं लागतं. आता या वाक्यातून राम गाळून टाका. बाणाने रावण मारला. वाक्य व्याकरणाने चालतं, पण त्यात रामायण उरत नाही.

शस्त्र बरं की वाईट, याची माझी कसोटी हीच. खेळ संपल्यावर झालेली गोष्ट सांगा आणि त्यातून खेळाडूचं नाव गाळून पाहा. तरीही गोष्ट तशीच राहिली, तर शस्त्र वाईट. त्या मुलाची अधिक पाचची तलवार दुसऱ्या कोणाच्याही हातात दिली असती तरी तेच घडलं असतं. म्हणजे तलवार कर्ता झाली आणि मुलगा करण झाला. तो फक्त फासा टाकणारा हात.

उलट चांगलं शस्त्र कसं असतं? आपल्याकडे त्याचा उत्तम नमुना महाभारतात आहे. कर्णाने कवचकुंडलं दिली आणि इंद्राने त्याला शक्ती दिली. मुख्य अट एकच: एकदाच वापरता येईल. बस्स. या एका अटीने काय केलं पाहा. कर्ण ती अर्जुनासाठी जपून ठेवतो. चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कच कौरवांची सेना तुडवू लागतो, सगळे कर्णाला म्हणतात, आत्ता टाक. आता निवड त्याची. उद्याचा शत्रू की आजचे सोबती? तो टाकतो, घटोत्कच पडतो, आणि पांडव रडत असताना कृष्णाला मात्र आनंद होतो, कारण अर्जुन वाचला. या गोष्टीतून कर्णाचं नाव गाळता येईल? शक्तीने घटोत्कच मारला, एवढं म्हणून भागेल?

दुसरं उदाहरण अश्वत्थाम्याचं. त्याला अस्त्र सोडता येत होतं, मागे घेता येत नव्हतं. अर्जुनाला दोन्ही येत होतं. अस्त्राची ताकद दोघांकडे सारखीच होती. फरक अस्त्राच्या ताकदीत नव्हता, तो माणसात होता. आणि गांडीव तर उसनंच होतं. वरुणाकडून आणलेलं, शेवटी महाप्रस्थानाच्या वाटेवर पाण्यात परत टाकावं लागलेलं. या तिन्ही शस्त्रांत प्रहार किती मोठा, हे आपण विसरतो. अट लक्षात राहते.

कोणी म्हणेल, पुराणातलं सोडा. मग इतिहासातलं घ्या. आपल्या राज्याने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्र म्हणून मान दिला. मुलं तो खेळात आणतात तेव्हा लांब तलवारीचाच फासा देतात आणि पुढे 'मराठा' असं लिहितात. पण पट्टा हातात घेतलेल्या माणसाला विचारा. कोपरापर्यंत हात लोखंडी मुठीत जातो, मनगट वळत नाही. म्हणून घाव खांद्यातून, कमरेतून, अख्खं अंग फिरवून घालावा लागतो. पातं लांब आणि लवचीक. मोकळ्या जागेत एकटा माणूस चौघांना लांब ठेवतो. पण अरुंद जिन्यात त्याचा उपयोग नाही, आणि शेजारी आपला माणूस उभा असेल तर त्याचीही धडगत नाही. खेळाच्या नियमात हे दोन ओळींत लिहिता येतं: आजूबाजूच्या सगळ्यांवर एकाच फेरीत वार करता येईल, आणि शेजारच्या घरात मित्र असला तर त्याच्यावरही फासा पडेल. आता पट्टेवाल्याला दर फेरीला विचार करावा लागेल, मी कुठे उभा राहू? मित्राला ओरडून सांगावं लागेल, बाजूला हो. वर एकाही आकड्याची भर न घालता खेळ बदलला.

मूळ खेळाच्या लेखकांना हे कळत नव्हतं असं मी म्हणत नाही. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत घोडेस्वाराचा भाला पाहा. तो दहा फुटांवर पोचतो, पण शत्रू पाच फुटांच्या आत आला की दोन फासे टाकून कमी पडेल तो धरायचा. भाला कसा वापरतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याने केलेला हा नियम. अशा नियमाचं मला कौतुक आहे. अधिक तीनचं नाही.

वाघनखांचं तर विचारूच नका. मुठीत लपणारी लोखंडी नखं. फासे मोजायला बसलात तर खंजिराच्याही खाली त्यांचा नंबर लागेल. पण १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी त्यांचं काम काय होतं? न दिसणं. त्यांची सगळी ताकद मिठीच्या अंतरात आणि लपण्यात. आकड्यांच्या तक्त्याला हे दिसतच नाही. २०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्यात आली, ती पाहायला लोक गेले. ती महाराजांनीच वापरलेली आहेत याची खात्री देता येत नाही, असं त्या संग्रहालयाने स्वतः सांगितलेलं आहे. तरी माणसं गेली. का? त्या दिवशीच्या कृतीने वाघनखांना नाव मिळालं, म्हणून. नावामुळे कृती घडली नव्हती. मुलांना मी हेच सांगतो. तलवारीला आधी नाव देऊ नका. तिच्याकडून काहीतरी होऊ द्या, मग बारसं करा.

आता माझ्या फजितीकडे येतो. महाभारत डोक्यात होतं, म्हणून मी नातीला एक धनुष्य लिहून दिलं. सूर्यास्तानंतर चालवायचं नाही. खोटं बोललेल्या माणसाच्या हातात ताणलं जाणार नाही. दर बाणामागे एक आठवण गमवावी लागेल. वर त्या धनुष्याच्या वंशावळीची तीन पानं. मी खूश. दोन दिवसांनी विचारलं, "काय गं, धनुष्याचं काय झालं?" ती म्हणाली, "आजोबा, ते कोणी काढतच नाही. सगळे तलवारच वापरतात. तुमचं धनुष्य वापरायचं म्हणजे आधी परीक्षा द्यावी लागते."

पोरीने एका वाक्यात माझी चूक दाखवली. तलवार कर्ता होऊ नये म्हणून मी निघालो होतो, आणि धनुष्य लिहिणारा मीच कर्ता होऊन बसलो. खेळाडूने काय करावं हे सगळं मीच आधी ठरवून टाकलं होतं. अट ही खेळाडूपुढे निवड ठेवण्यासाठी असते, निवड काढून घेण्यासाठी नाही. इंद्राच्या शक्तीला मुख्य अट एकच होती, हे मी वर्गात शंभरदा सांगितलं असेल, पण कळलं तेव्हा. मग आम्ही दोघांनी बसून दोन अटी खोडल्या, पानं फाडली. आठवण गमावण्याची तेवढी ठेवली. त्यानंतर काय झालं ते नातीनेच सांगितलं. वैद्य झालेल्या मुलीने सोबत्याला वाचवायला बाण सोडला आणि आपल्या गावाचं नाव विसरली. पुढचे दोन दिवस सगळा कंपू तिचं गाव शोधत हिंडत होता. मला तर हेवा वाटला.

पेणच्या कारखान्यांत गणपती साच्यातून निघतात, आणि आखणी करणारा हात डोळे काढतो तेव्हा त्या मातीत जीव येतो. तसंच आहे हे. नियमांच्या पुस्तकातला तक्ता हा साचा. तो टाकाऊ नाही, पण आखणीच्या जागी पुन्हा साचाच ओतला, तर मूर्ती आंधळी राहते. आणि डोळ्यांच्या जागी दहा डोळे काढले, जसे मी काढले, तरीही ती मूर्ती होत नाही.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. मुलं दिवसभर मार्कांच्या, क्लासच्या, घरच्यांच्या धाकाखाली असतात. संध्याकाळी दोन तास अधिक पाचची तलवार फिरवली, तर बिघडलं काय? काही बिघडलं नाही. ती मजा मी नाकारत नाही. पण त्या मुलाला मी नंतर विचारलं, कुठला प्रसंग आठवतो? तलवारीने मारलेल्यांपैकी एकही त्याला आठवला नाही. त्याला आठवलं ते विसरलेलं गाव. ज्याला दिवसभर कोणी काही ठरवू देत नाही, त्याला खेळात तरी काहीतरी ठरवायला मिळावं. मोठ्या आकड्यापेक्षा त्याची त्याला जास्त गरज आहे.

आणि तुम्हा धाटावकरांना हे मी काय सांगणार? तुमच्यातले निम्मे जण इथल्या एमआयडीसीत कामाला आहात. केमिकलच्या कारखान्यात वेल्डिंगचं यंत्र हातात आहे म्हणून ते कोणी लगेच चालवत नाही. आधी परमिट लागतं. टाकी रिकामी आहे का, आत वायू आहे का, खाली कोण उभं आहे, हे बघून कोणीतरी सही करतो. ती सही म्हणजेच कर्ता. यंत्र कितीही जोरदार असो, ते करणच राहतं, आणि तसं राहावं म्हणून तो कागद असतो. सही डोळे मिटून होते, तेव्हा वाक्य बदलतं. मग दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, स्फोटाने माणसं गेली. त्या वाक्यात कर्ता शोधून सापडत नाही.

आता खंडेनवमी येईल. हत्यारं पुसून मांडली जातील, कारखान्यांत यंत्रांना झेंडूच्या माळा चढतील. पूजा असेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. मी त्याचा अर्थ असा लावतो की वर्षातून एकदा माणूस हत्यारावरचा हात काढून जरा मागे सरकतो आणि बघतो, हे वेगळं आणि मी वेगळा. मुलं टेबलाभोवती बसून तलवारी घडवतात तेव्हा त्यांना एवढंच शिकू द्या. फासे त्यांचे ते टाकतील.

 कोणाला काही विचारायचं असेल, तर मी बसलो आहे. आणि कोणाकडे चांगल्या शस्त्राची कल्पना असेल तर जरूर सांगा, नातीला कळवतो. मात्र अट एकच ठेवा.